शिखराची पट्टी



जालन्यात गिर्यारोहणावर व्याख्यान ठेवणं हे संयोजकांचं धाडसच म्हणायला हवं. समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटरवरचं हे गाव. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याचे डोंगर दिसतात, तेवढाच काय तो चढ. बाकी सगळा कापसाचा, मोसंबीचा, बियाण्यांचा आणि लोखंडी सळयांचा मुलूख. इथल्या माणसानं हिमालयातल्या शिखरांबद्दल तासभर का ऐकावं?

मला विचाराल तर इथल्याच माणसानं ऐकावं. कारण आज मी बोलणार आहे ते हिशेबाबद्दल, आणि हिशेबाचं काही जालन्याला समजावून सांगायला नको. मोंढ्यात माल येतो. हर्रास होतो, हमाल पोती उचलतात, मापाडी काट्यावर वजन करतो, आणि शेवटी आडत्या शेतकऱ्याच्या हातात पट्टी देतो. पट्टी नसेल तर 'मी वीस क्विंटल घातले होते' या म्हणण्याला कोण विचारतो? पहिली चढाई हासुद्धा असाच व्यवहार आहे. ज्या शिखरावर आजवर माणसाचं पाऊल पडलं नाही तिथं तुम्ही गेलात, ठीक आहे. पण पट्टी कुठंय? ती कुणी केली? आणि तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत?

आधी एक गैरसमज बाजूला करू. पहिली चढाई म्हटलं की आपल्याला एव्हरेस्ट आठवतं, २९ मे १९५३ आठवतं. पण आजच्या एव्हरेस्टवर जाणं आणि एखाद्या अनाम शिखरावर पहिल्यांदा जाणं या दोन निराळ्याच गोष्टी आहेत. आज एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटेवर खालपासून वरपर्यंत दोर लावलेले असतात. खुंबूच्या हिमप्रपातात शिड्या टाकून ठेवलेल्या असतात, आणि हे काम शेर्पांचं पथक हंगामाच्या सुरुवातीलाच करून ठेवतं. कष्ट आहेत, जिवाची भीती आहे, सगळं आहे. फक्त वाट कुठून हा प्रश्न नाही. पहिल्या चढाईत तोच प्रश्न पहिला. कुठल्या नाल्यातून आत शिरायचं? दुपारी बर्फ वितळून पाणी वाढायच्या आत तो नाला ओलांडता येईल का? नकाशात दाखवलेली खिंड प्रत्यक्षात आहे का? साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. तिथं तुम्ही समोरच्या धारेकडे बघत बसता आणि ती धार शिखरापर्यंत जाते की मध्येच तुटते हे खालून कळत नाही. ते सांगायला कुणी नसतं, कारण आधी कुणी गेलेलंच नसतं.

कुणी गेलेलं नसतं, म्हणूनच परत आल्यावर तुमच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावाही नसतो. इथून खरी गंमत सुरू होते.

तुमच्यापैकी ज्यांनी चारधाम केलं असेल त्यांनी मी सांगतोय ते शिखर पाहिलेलं आहे. बदरीनाथला पहाटे लवकर उठून देवळाच्या मागे पश्चिमेला बघितलं तर पांढरं, टोकदार, एकटं उभं असलेलं एक शिखर दिसतं. खोऱ्यात अजून अंधार असतो आणि त्याचं टोक मात्र केशरी झालेलं असतं. ते नीलकंठ. उंची ६५९६ मीटर. मराठी माणूस ते पिढ्यान् पिढ्या बघत आला आहे. तुमच्याच जांब समर्थचे रामदासस्वामी तीर्थाटनात बदरीकेदारला गेले होते असं परंपरा सांगते. गेले असतील तर त्यांनीही ते पाहिलं असणार.

हिमालयाच्या मानानं ही उंची काही फार नाही. पण नीलकंठ सगळ्या बाजूंनी उभं आहे, आणि वर हवा लहरी. एकामागून एक मोहिमा परतल्या. १९५१ मध्ये एडमंड हिलरी ज्यात होते त्या न्यूझीलंडच्या तुकडीनंही प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग १९६१ मध्ये नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली एक भारतीय मोहीम गेली. हेच नरेंद्र कुमार पुढे 'बुल' कुमार म्हणून सियाचीनमुळे देशाला माहीत झाले. त्या मोहिमेतले ओ. पी. शर्मा आणि त्यांच्याबरोबरचे फुर्बा लोबसांग व ल्हाक्पा ग्याल्बु हे दोन शेर्पा शिखरावर पोचल्याचं जाहीर झालं. स्वतः कुमारांच्या पायाची चार बोटं त्या मोहिमेत हिमदंशानं गेली. देशभर कौतुक झालं, आणि ते साहजिक होतं. स्वातंत्र्याला चौदा वर्षं झालेली, आणि आपल्या पोरांनी आपल्या देवभूमीतलं शिखर जिंकलेलं!

आणि मग मुंबईत एका माणसानं कागद-पेन्सिल घेतली.

जगदीश नानावटी त्यांचं नाव. हिमालयन क्लब ही १९२८ साली स्थापन झालेली जुनी संस्था. तिचे ते बरीच वर्षं मानद सचिव होते, पुढे अध्यक्षही झाले. त्यांना एक खोड होती, आणि ती फार उपयोगी होती. मोहिमेचा अहवाल आला की ते नकाशा पसरायचे, फोटो मांडायचे, वेळा लिहून काढायचे आणि जुळतंय का बघायचे. नीलकंठचा दावा त्यांना जुळेना. त्यांनी शंका मांडली आणि ती लावून धरली. विचार करा, देश आनंदात आहे आणि मुंबईत बसलेला एक गृहस्थ म्हणतोय, थांबा, हिशेब लागत नाही. किती जणांनी नाकं मुरडली असतील! आज हिमालयाच्या वाङ्मयात नीलकंठची पहिली चढाई धरतात ती ३ जून १९७४ ची, इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या मोहिमेची. नेते एस. पी. चमोली, आणि शिखरावर गेलेले सोनम पुल्जोर, कन्हैयालाल, दिलीपसिंग आणि निमा दोर्जे.

१९६१ ची माणसं खोटं बोलली असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही घरी जाऊन तसं म्हणू नका. ढगात, वाऱ्यात, प्राणवायू कमी पडलेल्या मेंदूनं माणूस एखाद्या उंचवट्यावर पोचतो. पुढे काही दिसत नाही, त्याला वाटतं संपलं. दहा मिनिटं ढग फाटले असते तर पुढचा चढ दिसला असता. प्रामाणिक माणसाकडूनही असं होतं. म्हणून तर तपासणारा लागतो. काटा चोर पकडण्यापुरता नसतो; साव माणसाच्या मालाचंही वजन करावंच लागतं.

तपासतात कसं? हे थोडं जवळून सांगतो, कारण मला यात शिखरांइतकाच आनंद वाटतो. समजा शिखरावरून काढलेला म्हणून एक फोटो तुमच्यापुढे आला. माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, त्याच्या मागे बघायचं. मागे एक जवळचं शिखर आहे आणि त्याच्याही मागे एक लांबचं. दोन्हींची उंची आणि जागा नकाशावर माहीत आहे. फोटोत लांबच्या शिखराचं टोक जवळच्याच्या टोकाला नेमकं टेकलेलं दिसत असेल, तर त्या दोन टोकांतून जाणारी एक सरळ रेघ ओढता येते. ती रेघ पुढे वाढवली की कॅमेरा किती उंचीवर होता ते निघतं. पृथ्वीच्या गोलाईची थोडी दुरुस्ती करावी लागते, एवढंच. शिखर ६६०० मीटरचं आणि कॅमेरा निघाला ६४०० मीटरवर, तर मग बसून बोलावं लागतं. दुसरी गोष्ट वेळेची. साडेसहा हजार मीटरवर, सिलिंडरशिवाय, अवघड जागी माणूस तासाला शंभर-सव्वाशे मीटर चढला तरी खूप. शेवटचा कॅम्प सातशे मीटर खाली आणि तुम्ही चार तासांत वर? मग पाय कुणाचे होते?

हे भांडण नवं नाही. १८८३ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम नावाचा इंग्रज, एमिल बॉस आणि उलरिख कॉफमन या दोन स्विस साथीदारांबरोबर सिक्कीममधल्या काब्रू शिखरावर गेल्याचं सांगत परतला. सात हजार मीटरच्या वरचं शिखर, त्या काळात! सर्वेक्षण खात्यातल्या लोकांनी मान हलवली: तुम्ही दुसऱ्याच डोंगरावर गेला असाल. १९३५ साली सी. आर. कुक निर्विवादपणे काब्रूच्या उत्तर शिखरावर पोचला, तरी ग्रॅहमचा वाद मिटला नाही. एकशे चाळीस वर्षं झाली, त्याची पट्टी अजून कोरीच आहे.

आणि जीपीएसच्या काळात सगळं सोपं झालं असंही समजू नका. नेपाळमधलं मनास्लू घ्या, जगातलं आठव्या क्रमांकाचं उंच शिखर. १९५६ मध्ये जपानचे तोशियो इमानिशी आणि ग्याल्झेन नोर्बू शेर्पा पहिल्यांदा वर गेले. पुढे शेकडो लोक 'मनास्लू समिटर' झाले. २०२१ मध्ये वरून ड्रोनचा फोटो आला, आणि त्यात स्वच्छ दिसलं की रांगेतली माणसं अलीकडच्याच एका टोकावर थांबून फोटो काढून परत फिरतात. खरं टोक त्या धारेवर पुढे, जरा अवघड जागी आहे. त्याच दिवसांत मिंग्मा ग्याल्जे शेर्पा आपल्या तुकडीला घेऊन खऱ्या टोकावर गेला. कितीतरी जणांना मग पुन्हा मनास्लूला जावं लागलं!

आता आपल्या घरचं बोलू. दुसऱ्यांच्या वह्या तपासायला मजा येते, आपली वही उघडताना हात जड होतो. २०१६ च्या मे महिन्यात पुण्याच्या पोलीस दलातल्या एका दांपत्यानं एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. प्रमाणपत्रं मिळाली, सत्कार झाले. मग गिर्यारोहकांनीच फोटो नीट पाहिले. ते दुसऱ्याच कुणाचे होते, त्यावर यांचे चेहरे आणि झेंडे बसवलेले. नेपाळनं प्रमाणपत्र रद्द केलं, दहा वर्षांची बंदी घातली, आणि पुढच्या वर्षी दोघं नोकरीतूनही गेले. त्याच हंगामात, महाराष्ट्राच्याच पोलीस दलातला, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातला रफिक शेख हा शिपाई एव्हरेस्टवर खरोखर जाऊन आला होता. मराठवाड्याच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट! पण त्या वर्षी वर्तमानपत्रांत जास्त रकाने कुणी खाल्ले? खोट्या पट्टीचा हा दुसरा तोटा. ती खऱ्याच्या पट्टीवरही संशयाचा डाग पाडते.

इथपर्यंत तुम्ही माझ्याशी सहमत असाल. आता जरा अवघड भाग.

मोंढ्यातली पट्टी डोळ्यांसमोर आणा. मालाचं वजन, भाव, रक्कम. आणि त्याखाली? हमाली, तोलाई. वेगळ्या ओळीवर, वेगळ्या रकमेनं. नाव नसेल, पण पोती कुणीतरी उचलली होती आणि वजन कुणीतरी केलं होतं, हे त्या कागदावर असतं. हिमालयातल्या पहिल्या चढायांच्या कागदांत किती वर्षं एवढंही नव्हतं!

भारताच्या सर्वेक्षण खात्याचे खलाशी, म्हणजे सामान वाहणारे मजूर, उंच डोंगरांवर निशाणाचा खांब घेऊन जायचे. साहेब खालून किंवा लांबून त्या खांबावर दुर्बीण रोखायचा. १८६० मध्ये असाच एक खलाशी स्पितीतल्या शिल्ला शिखरावर खांब घेऊन गेला असं सांगतात. त्या शिखराची उंची तेव्हा सात हजार मीटरच्या वर मोजली गेली होती, त्यामुळे कित्येक वर्षं पुस्तकांत हा माणसानं गाठलेल्या उंचीचा विक्रम म्हणून मिरवत होता. पुढे नव्यानं मोजलं तर शिल्ला भरलं ६१३२ मीटर. म्हणजे गंमत बघा, उंची चुकली ती दुरुस्त झाली, मीटरपर्यंत दुरुस्त झाली. खलाशाचं नाव काय होतं? ते तेव्हाही लिहिलं नव्हतं, आजही कुणाला माहीत नाही. याच सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन आपल्या महाराष्ट्रात, हिंगणघाटला १८२३ साली वारला. त्याची कबर तिथं आहे, बघायला मिळते. अर्धा टन वजनाचं त्याचं थिओडोलाइट यंत्र दक्षिणेतून इथवर ज्यांनी खांद्यावरून आणलं, त्यांची कबर शोधू म्हटलं तर कुठं शोधायची?

हळूहळू नावं येऊ लागली, हेही सांगितलं पाहिजे. १९०७ मध्ये त्रिशूळ. ७१२० मीटर, तोवर निर्विवादपणे चढलेलं सगळ्यांत उंच शिखर. टॉम लाँगस्टाफबरोबर ब्रोशरेल बंधू होते आणि करबीर बुराथोकी हा गुरखा होता. करबीरचं नाव लाँगस्टाफनं लिहिलं. १९३१ मध्ये कामेट. फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन, होल्ड्सवर्थ आणि लेवा शेर्पा. शेवटच्या काही पावलांवर स्माइथनं लेवाला पुढे घातलं, म्हणजे ७७५६ मीटरच्या त्या शिखरावर पहिला पाय लेवाचा. दोन दिवसांनी दुसरी तुकडी गेली, तिच्यात गढवालचा केसरसिंग होता. डोंगर त्याच्या मुलखातला, आणि तो गेला होता ओझं वाहायला. कामेटच्या चढाईत लेवाच्या पायांना हिमदंश झाला, बोटं गेली. स्माइथ मोठ्या मनाचा होता म्हणून हे आपल्याला कळतं. ज्या मोहिमांचे नेते असे नव्हते त्यांच्याबाबतीत काय? आणि १८ एप्रिल २०१४ ला खुंबूच्या हिमप्रपातात एकाच सकाळी सोळा नेपाळी कामगार गेले, त्यातली किती नावं आपल्याला सांगता येतील? मला सोळा येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की नानावटींची कठोर तपासणी आणि स्माइथचा तो मोठेपणा हे दोन वेगळे गुण नाहीत. चढाईचा खरा हिशेब द्यायचा तर कुठपर्यंत पोचलो हे जितकं खरं लिहावं लागतं, तितकंच कुणाच्या खांद्यावरून पोचलो हेही खरं लिहावं लागतं. एक लिहायचं आणि दुसरं गाळायचं, ही अर्धी पट्टी झाली.

हा हिशेब लिहिण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्यालाच नीट माहीत नाही. सियाचीनलगतचा पूर्व काराकोरम भाग परदेशी गिर्यारोहकांना मोकळा नव्हता. भारतीयांबरोबर संयुक्त मोहीम काढावी लागे. मुंबईच्या हरीश कपाडियांनी तिथं एकामागून एक मोहिमा नेल्या. १९८५ मध्ये ७२३३ मीटरचं रिमो तीन, १९९१ मध्ये ७०७१ मीटरचं चोंग कुमदान एक. दोन्ही पहिल्या चढाया, दोन्ही भारतीय-ब्रिटिश. रिमो तीनवर डेव्ह विल्किन्सन आणि जिम फॉदरिंगहॅम गेले, कपाडिया नाही गेले. तरी त्या मोहिमेचे ते नेते होते, आणि हा माणूस १९७४ साली देवतोली शिखरावर हिमभेगेत पडून खुबा निखळल्यावर साथीदारांनी दिवसेंदिवस उचलून खाली आणलेला. तो पुन्हा डोंगरात गेला आणि खोऱ्यामागून खोरी नकाशावर नीट लिहीत बसला. 'हिमालयन जर्नल'चं संपादन त्यांनी अनेक वर्षं मुंबईतून केलं. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून हिमालयात जाणारा माणूस आधी ते चाळतो.

त्या जर्नलमध्ये मला सगळ्यांत आवडतात ते फसलेल्या मोहिमांचे लेख. यशाचा लेख वाचून टाळ्या वाजवता येतात. अपयशाचा लेख वाचून पुढची वाट कळते. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेनं गंगोत्री भागातल्या मांडा एक या साडेसहा हजार मीटरच्या शिखरावर १९८९ आणि १९९१ मध्ये प्रयत्न केला, दोन्ही वेळा परतले. तीस वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये, त्याच संस्थेची नवी पोरं गेली आणि वर पोचली. ही पहिली चढाई नव्हती. पण आठ हजार मीटरची शिखरं करून बसलेल्या संस्थेनं जुनं खातं उघडून एका कमी उंचीच्या, अवघड शिखराची बाकी फेडावी, याला माझ्या लेखी एव्हरेस्टपेक्षा कमी किंमत नाही. संभाजीनगरच्या मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या टोकापासून दोनशे मीटरच्याही आतून परत फिरल्या. तेव्हा कुणी फोटोत टोक जवळ आणलं नाही, कुणी गोलमाल बोललं नाही. किती राहिलं ते सांगितलं. पुढच्या वर्षी त्या जाऊन आल्या.

आता तुम्ही विचाराल, जालन्यानं काय करायचं? एव्हरेस्टसाठी वर्गणी गोळा करायची?

माझं स्पष्ट मत: नको. तेवढ्या पैशात चार मोहिमा होतील. लडाखमध्ये, झंस्करमध्ये, स्पितीत सहा हजार मीटरच्या आसपासची कितीतरी शिखरं अजून अस्पर्श आहेत. काहींना नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे. २०१९ मध्ये सरकारनं १३७ शिखरं परदेशी मोहिमांसाठी खुली केली. म्हणजे लोक येणार, आपण बघत बसणार. इथल्या महाविद्यालयांतली पाच-सहा मुलं-मुली निवडा. आधी सह्याद्रीत कातळावर हात घासू द्या. मग उत्तरकाशीला, मनालीला किंवा दार्जिलिंगला बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स करू द्या. एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली एक-दोन सोपी शिखरं होऊ द्या. मग इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनकडे अर्ज करा. चार-पाच वर्षांचं काम आहे. रोलिंग मिल उभी करायलाही वेळ लागतोच, आणि ते तुम्ही केलेलं आहे.

आणि संयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी याच विषयावर कुणाला बोलवायचं झालं तर माझ्यासारखा बोलका माणूस नको. उत्तरकाशीहून किंवा दार्जिलिंगहून एखादा लोड फेरी करणारा बोलवा, ज्यानं दहा मोहिमांची ओझी वाहिली आणि एकाही अहवालात ज्याचं पूर्ण नाव आलं नाही. त्याला मराठी येणार नाही. न येईना, हिंदीत बोलेल. निजामाच्या राज्यातून आलेल्या जालन्याला हिंदीची अडचण ती काय? येण्याजाण्याचं भाडं द्या, आज मला देताय तेवढंच मानधन द्या, आणि पाकिटावर नाव आधी त्याला विचारून लिहा.